मदत निधीची विहीणबाई

काका हयात आहेत, हे आधीच सांगून टाकते. आपल्याकडे कोणाबद्दल असं काही लिहायला घेतलं की वाचणारा पहिल्याच ओळीला हात जोडतो. तसं काही झालेलं नाही. उलट हे छापून आलं तर ते कोणाकडून तरी वाचून घेतील आणि मला फोन करून यातल्या चुका काढतील, म्हणून मी जरा जपूनच लिहिते आहे. नावही देत नाही. दिलं तर ‘कशाला दिलंस’ म्हणतील, नाही दिलं तर ‘मी काय चोर आहे का’ म्हणतील. बोलणी दोन्हीकडून खायचीच आहेत.

अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या कॅरी गावच्या आमच्या मराठी मंडळात त्यांना सगळे मागून ‘विहीणबाई’ म्हणत. उंच, रुंद, झुपकेदार पांढऱ्या मिशांचा नागपूरचा माणूस. पण लग्नात मुलाची आई मांडवात पाऊल टाकते आणि पाणी गार नाही, हार सुकलेत, आमची कोणी विचारपूसच केली नाही असं सुरू करते, तसे ते जातील तिथे सुरू होत. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा बूट काढता काढताच म्हणाले, “दार फार जड आहे तुमचं. म्हातारं माणूस बाहेरच राहायचं.” मग चहात आलं कमी निघालं, सोफा फार खोल निघाला, आणि भिंतीवरचं घड्याळ अशा जागी लावलेलं निघालं की जिथून ते फक्त फ्रीजला दिसत होतं. ते गेल्यावर माझा नवरा म्हणाला, “यांना परत बोलवायचं नाही.” दुसऱ्या दिवशी त्याने दाराच्या बिजागऱ्या काढून पाहिल्या तर एक खरोखरच वाकलेली होती. पुढच्या शनिवारी तोच त्यांना जेवायला घेऊन आला.

काकांनी उभं आयुष्य औषधांच्या कंपनीत क्वालिटी खात्यात काढलं होतं. म्हणजे दुसऱ्याच्या कारखान्यात जायचं, चुका काढायच्या आणि त्याचा पगार घ्यायचा. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, काम चालूच राहिलं. काकू त्याआधीच गेल्या होत्या. मुलगी कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला. काका त्यांच्या जुन्या घरात एकटे राहत, एक करडी गाडी फ्रीवेवर बैलगाडीच्या वेगाने चालवत, आणि मागचे हॉर्न वाजवायला लागले की म्हणत, “यांना कुठं जायचंय एवढ्या घाईनं? ऑफिसातच नं?”

मंडळाचा एक मदत निधी आहे. गणपतीच्या वर्गणीतून उरलेलं, आणि लोक देतात त्यात त्यांच्या कंपन्या जी भर घालतात ते, असं मिळून दरवर्षी आम्ही इथल्या आणि तिकडच्या काही संस्थांना देतो. कोणाला द्यायचं आणि दिलेल्याचं पुढे काय झालं, हे बघायला एक कमिटी आहे. मी ऑफिसात दिवसभर डेटाच बघते म्हणून अध्यक्षांनी मला कमिटीत घेतलं. “इम्पॅक्ट मोजायला कोणीतरी प्रोफेशनल हवं यार,” असं ते म्हणाले होते. काका कमिटीत होते, कारण त्यांना नको म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

मीटिंग लायब्ररीतल्या खोलीत होई. काका कधी बसत नसत. खिडकीपाशी उभे राहून संस्थांचे रिपोर्ट उलटे, म्हणजे शेवटच्या पानाकडून वाचत. पहिली पानं सगळे नटवतात, शेवटी लिहिणारा कंटाळतो आणि खरं बोलतो, असं त्यांचं म्हणणं. फोटो तर बघतच नसत. “फोटोत हसत नाही असा लाभार्थी मला दाखव,” म्हणत, “मी माझ्या खिशातून त्याला ग्रँट देतो.”

त्यांचा एक सिद्धांत होता आणि तो ते कोणालाही, कुठेही, जेवताना सुद्धा ऐकवत. घेणारा माणूस देणाऱ्याला कधी खरं सांगत नाही. “तू कोणाकडे जेवायला गेलीस आणि आमटी खारट झाली, तर सांगतेस का? नाही नं. वर रेसिपी मागतेस. मग त्या बिचाऱ्यांनी काहून सांगावं? त्यांना तर पुढच्या वर्षी परत जेवायचंय.” मी म्हटलं, सांगते की काका, बहिणीकडे असले तर सांगते. त्यावर एकदम खूश झाले. “हाव! तेच तर म्हणून राहिलो. नावं ठेवायला माणूस आपला वाटावा लागतो.”

म्हणून त्यांची पद्धत उफराटी होती. लाभार्थींना आवडलं का, असं ते विचारतच नसत. आधी स्वतःच दिलेल्या वस्तूला नावं ठेवत. त्याने समोरच्याला एकतर राग येई किंवा धीर येई, आणि दोन्हींत तो बोलू लागे.

हे मी पहिल्यांदा पाहिलं ते मुलींच्या एका वसतिगृहाच्या वेळी. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावी ते होतं, आणि आम्ही तिथे आंघोळीच्या गरम पाण्यासाठी सोलर बसवायला मदत केली होती. रिपोर्ट सुरेख आला होता. आम्ही व्हिडिओ कॉल लावला. वॉर्डनबाई मध्ये, दोन्हीकडे मुली रांगेत. अध्यक्षांनी विचारलं, “कसं वाटतं गरम पाणी?” मुली एका सुरात म्हणाल्या, “खूप छान!” अध्यक्षांनी माझ्याकडे पाहिलं, म्हणजे नोंद कर. तेवढ्यात काका मागून पुढे आले आणि स्क्रीनमध्ये मिशी घालून म्हणाले, “काय छान? मला तर समजलं की त्या पाण्याला वास मारून राहिला. आमच्या लोकांनी उगाच काहीतरी टुकार बसवून दिलं तुम्हाला.”

वॉर्डनबाईंचा चेहरा पडला. अध्यक्षांनी काकांचा सदरा मागे ओढला. मुली आधी एकमेकींकडे बघून हसल्या, मग कडेची एक फणकारली, “नाही हो काका, पाणी चांगलंय!” 

“मग? रोज करता आंघोळ त्यानं?”

मुलींनी वॉर्डनबाईंकडे पाहिलं. मग तीच मुलगी म्हणाली, “बाथरूमच्या दाराला आतून कडी नाही.”

पाणी कढत येत होतं आणि मुली पहाटे अंधारात, एक आत आणि एक दार धरून बाहेर, अशा उरकत होत्या. ज्यांना दार धरायला कोणी मिळत नसे त्या तशाच शाळेत जात. वॉर्डनबाई म्हणाल्या, “अगं, मला कधी सांगितलं नाहीत!” आणि त्या खरंच बोलत होत्या. त्याच आठवड्यात कड्या बसल्या. मी माझ्या रिपोर्टात सोलरच्या पाण्याचे लिटर मोजत बसले होते. काका मात्र मला एका शब्दाने बोलले नाहीत, फक्त जाताना म्हणाले, “लिटर मोजणं वाईट नाही. पण लिटर बोलत नाही नं.”

आता बुधवारच्या गाडीकडे येते.

आपल्याकडचे आई-वडील इथे मुलांकडे येऊन राहतात, त्यांचे दिवस कसे जातात ते इथे राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. मुलगा-सून कामावर, नातवंडं शाळेत, गाडी चालवता येत नाही, आणि पायी कुठे जावं तर रस्त्याला फुटपाथ जिथे संपायचा तिथे संपतो. म्हणून आम्ही ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या इथल्याच एका संस्थेला मदत देऊन एक मिनीबस सुरू केली, तिलाच सगळे गाडी म्हणतात. दर बुधवारी दारातून घ्यायचं, कम्युनिटी सेंटरला न्यायचं, तिथे योग, भजन, जेवण, गप्पा, आणि चहाच्या वेळेला परत दारात सोडायचं. गाडी कायम भरलेली. सर्व्हे काढला तर सगळीकडून पाचपैकी पाच तारे. माझ्या लॅपटॉपवरच्या डॅशबोर्डमधला सगळ्यात हिरवागार चौकोन तो.

काकांनी खिडकीपाशी उभं राहून विचारलं, “सर्व्हे भरला कोणी?”

“ज्येष्ठांनी,” मी म्हटलं.

“ईमेल कोणाच्या?”

मी लॅपटॉपमध्ये बघितलं आणि मलाच हसू फुटलं. आई-बाबांचं नाव नोंदवताना मुलांनी आपापल्या ईमेल दिल्या होत्या. आई-बाबांना बुधवारची गाडी कशी वाटते, हे मुला-सुनांनी ऑफिसात बसून, दोन मीटिंगच्या मध्ये, मनापासून कळवलं होतं. त्यांना ती खरंच पाच तारे आवडत होती. अध्यक्षांनीही स्वतःच्या आईचा सर्व्हे भरला होता. ते जरा लाजून म्हणाले, “पण आई तक्रार करत नाही, काका.” काका म्हणाले, “मग तर काळजीचं आहे.”

त्यानंतर काका स्वतः त्या गाडीत बसून जाऊ लागले. गाडीत चढल्या चढल्या नावं ठेवत. भजनाची पट्टी वर, वरणाला फोडणी नाही, योगवाली मुलगी साठीच्या पुढच्या बायकांना ‘गाइज’ म्हणते. लोक हसत, थोडी भर घालत, आणि उतरताना म्हणत, “पण छान करता हो तुम्ही.” काका वैतागून यायचे. त्यांची पद्धत पहिल्यांदाच फसत होती. “काहीतरी आहे,” म्हणत, “पण सांगून नाही राहिले. त्यांच्यासाठी मी अजून कमिटीवाला आहे. उतरलो की माझी स्वतःची गाडी उभी असते नं दारात.”

मग काकांचे डोळे गेले. अगदी अंधत्व नाही, पण समोरचं मधलंच दिसेना. डॉक्टरांनी गाडी चालवायची नाही म्हणून सांगितलं. मुलगी फ्रीमाँटहून आली, काकांची गाडी तिने विकली, आणि सांगितलं, “बाबा, आता इथे एकटं राहणं पॉसिबल नाही. यू आर कमिंग विथ मी.” काकांनी सहा महिन्यांची मुदत मागून घेतली. काहीतरी जमवतो म्हणाले. काय जमवणार, ते कोणालाच माहीत नव्हतं.

त्यानंतरच्या बुधवारी ते गाडीत नेहमीच्या जागी बसले. या वेळी नावं ठेवायला गेले नाहीत, अंगात जीवच नव्हता. शेजारच्या सीटवरच्या एका मावशींनी आपणहून विचारलं, “गाडी काढून घेतली का हो तुमची?” काका म्हणाले, “हाव.” मावशी म्हणाल्या, “बरं झालं बाई आम्हाला चालवायला येतच नव्हती. सवय तर नाही.” आणि त्या दिवशी गाडी बोलायला लागली.

हे काकांनी मला फोनवर सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. ती माणसं म्हणत होती, आम्ही पार्सलं आहोत. या दारातून उचलायचं, त्या दारात ठेवायचं. मध्ये कुठे उतरायचं नाही. मावशी इथे आल्यापासून एकाही दुकानात एकट्या गेल्या नव्हत्या. शनिवारी लेकीची ड्यूटी, म्हणून जावई नेई, भला माणूस, हवं ते घ्या म्हणे. “पण आतले कपडे काय जावयाला घेऊन घ्यायचे का?” मावशींनी काकांना विचारलं होतं, सगळ्या गाडीदेखत. त्या भारतातून आणलेलेच शिवून शिवून घालत होत्या. आणखी एक गृहस्थ होते, त्यांना फक्त न्हाव्याकडे जाऊन बसायचं होतं, मुलाने घरी मशीन फिरवायला नको होतं. कोणाला नातीच्या वाढदिवसाला काहीतरी गुपचूप आणायचं होतं. कोणाला नुसतं दुकानात हिंडून काही न घेता परत यायचं होतं.

“काय पाहिजे यांना माहितीये का तुला?” काका म्हणाले. “गाडी जाताना तासभर दुकानांच्या रांगेपाशी थांबावी. आणि परत आल्यावर काय आणलं ते कोणी विचारू नये. बस.”

कमिटीत हा विषय आला तेव्हा अध्यक्ष म्हणाले, “आयडिया चांगली आहे काका, पण लायबिलिटी आहे. कोणी पडलं तर? इन्शुरन्सवाले प्रश्न विचारतील. आणि याचा आउटकम काय दाखवणार? ‘ज्येष्ठांनी शॉपिंग केलं’?” दोघे तिकडे होते, आम्ही दोघे इकडे. काका पाचवे. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. काका म्हणाले, “मला मत देता येणार नाही. मी आता त्या गाडीत बसतो. कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट आहे.” आणि खोलीबाहेर निघून गेले.

मला इतका राग आला त्यांचा. ही गाडी दुकानांपाशी थांबली असती तर त्यांचं दूध, औषधं, सगळं होणार होतं. ‘जमवतो’ म्हणाले होते ते हेच, दुसरं काही नाही. मुदत संपत आली होती. आणि हा माणूस स्वतःच्या हाताने स्वतःचं मत खिशात घालून लायब्ररीच्या बाकावर जाऊन बसला होता. 

मी म्हटलं, “ठीक आहे, ते मेंबर म्हणून नकोत. पण आपण लाभार्थींना विचारायचं ठरवलंय ना? एक लाभार्थी बाहेर बसलाय. बोलवा त्याला.”

काका आत आले. या वेळी अध्यक्षांनी खुर्ची दिली आणि काका चक्क बसले. अध्यक्षांनी अगदी आदराने विचारलं, “काका, तुमचं काय मत आहे? गाडीत काय बदल हवाय तुम्हाला?”

काकांनी हात गुडघ्यांवर ठेवले. “काही नाही,” म्हणाले. “छान चाललंय. तुम्ही लोकं एवढं करता.”

मला वाटलं ते थट्टा करताहेत. पण ते खाली बघत होते. अख्ख्या नॉर्थ कॅरोलायनाला नावं ठेवणारा माणूस, आणि त्या खुर्चीत बसल्यावर त्यांच्या तोंडून दुसरं काही निघेना. आणि मग मी त्यांच्याच पद्धतीने, मुद्दाम, जमेल तितक्या रुक्षपणे म्हटलं, “मग फ्रीमाँटला जा ना काका. मुलगी बोलावतेय, तिचं घर मोठं आहे. इथे एकट्याने राहण्यात काय एवढं ठेवलंय?”

त्यांनी वर पाहिलं. माझा डाव त्यांना कळला होता, ते त्यांच्या डोळ्यांत दिसलं. कळूनही त्यांना थांबता आलं नाही.

“मला नाही जायचं गं तिकडे,” ते म्हणाले. “तिथं मी तिच्या घरी असेन. इथं मी माझ्या घरी आहे. मला माझं दूध मला आणायचंय. दाढीची ब्लेडं संपली तर पोरीला मेसेज नाही टाकायचा मला. मला… नाही जायचं.”

अध्यक्षांनी समोरची फाइल मिटवली. मग म्हणाले, “माझी आई पण असंच म्हणत असेल का?” इन्शुरन्सचं मी बघतो, एवढं म्हणून त्यांनी सगळ्यात आधी हात वर केला.

काकांनी त्याच आठवड्यात कमिटीचा राजीनामा दिला. “घेणाऱ्यानं वाटायला बसू नये,” म्हणाले. आणि दर बुधवारी संध्याकाळी मला फोन सुरू झाले. गाडी उशिरा आली, एसी फार होता, ड्रायव्हर रेडिओ बंद करत नाही, मावशी एका दुकानात एवढा वेळ लावतात की बाकीच्यांनी काय करावं. मी भाजी चिरता चिरता ऐकायची. पहिल्या बुधवारी मावशी एक पिशवी पोटाशी धरून गाडीत चढल्या म्हणे, आणि घर येईपर्यंत मंद हसत होत्या. पिशवीत काय होतं, ते अर्थातच कोणी विचारलं नाही.

दीडेक वर्ष असं गेलं. मग काका घरातच, गॅरेजच्या पायरीवरून पडले. खुब्याचं हाड मोडलं. गाडीचा त्यात काही दोष नव्हता, पण एकट्या माणसाने जिना, पायऱ्या, बाथरूम सांभाळणं आता संपलं होतं, ते त्यांनाही कळलं. मुलगी आली, घर विकलं, आणि काका फ्रीमाँटला गेले. विमानतळावर व्हीलचेअरमध्ये बसून मला म्हणाले, “ही खुर्ची फार खाली आहे.” मी रडले. ते नाही रडले.

मी बुधवारी फोन करायची. “कसं आहे काका?” “छान आहे.” “जेवण?” “छान आहे. पोरगी फार करते.” “तब्येत?” “छान.” दर आठवड्याला तेच. लेकीने फोटो पाठवला, दोन नातवंडांच्या मध्ये काका बसलेले. हसत होते. मी तो फोटो फार वेळ बघू शकले नाही. नवरा म्हणाला, “अगं, सेटल झाले असतील, बरं आहे ना!” याला एवढ्या वर्षांत काही कळलेलं नव्हतं. एवढ्या लांबून मी करणार तरी काय होते? मी फोन करत राहिले, ते छान आहे म्हणत राहिले. थंडी गेली, उन्हाळा आला.

गेल्या महिन्यात एका सोमवारी, भर दुपारी, मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये असताना काकांचा फोन आला. तिकडे गेल्यापासून ते कधी आपणहून करत नसत, म्हणून मी घाबरून कॅमेरा बंद केला आणि उचलला.

“ही पोरगी वरणात साखर टाकून राहिली,” काका ओरडले. “नागपूरच्या बापाची लेक, आणि वरणात साखर! मी तिला तोंडावर सांगितलं, हे वरण नाही, बासुंदी आहे. तर मला म्हणते, मग तुम्ही करा. केलं मी. जावई तीनदा वाढून घेऊन राहिला. आणि यांचं घर म्हणजे काय आहे गं, नुसते जिने! आणि इथल्या सिनियर सेंटरात एक बेळगावचा माणूस आहे, रमी खेळताना पानं मांडीखाली लपवतो. मी शुक्रवारी त्याला धरला, कडेचं दिसतं नं मला अजून. उद्या बघतोच त्याच्याकडे…”

लॅपटॉपवर कोणीतरी माझं नाव घेऊन काही विचारत होतं. मी तो मिटवला, डोळे पुसले आणि म्हटलं, “आणखी काय काय वाईट आहे काका? सांगा.”